विज्ञानशिक्षक आणि शेताचा बांध

नाशिक शहरात मुंबई-आग्रा रस्त्याच्या अंगास वसलेले इंदिरानगर हे उपनगर आज सिमेंटच्या इमारतींनी भरून गेले आहे. परंतु वडाळा व पाथर्डी ही जुनी शेतकरी गावे त्यास लागूनच असून पांडवलेण्यांचा डोंगर तेथून दृष्टीच्या टप्प्यात आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नर ह्या तालुक्यांतील पुष्कळ बागाईतदार कुटुंबांनी मुलांच्या शिक्षणासाठी शहराच्या अशा भागांत बिऱ्हाडे केली आहेत. ह्या मुलांपैकी एखाद्यास अन्नसाखळी म्हणजे काय असे विचारावे, म्हणजे तो गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार ही नावे क्रमाने घडाघडा म्हणून दाखवील व परीक्षेत पुरे गुणही मिळवील. तोच मुलगा सुट्टीत गावी आला आणि खळ्याशेजारी धामण निघाली, तर काठी शोधणाऱ्यांत तो मागे राहत नाही. त्याने पाठ केलेला साप आणि त्याच्या पुढ्यात आलेला साप हे दोन्ही एकच होत, ही गोष्ट त्यास कोणी दाखविलेलीच नसते. ह्यात दोष मुलाचा नव्हे व एकट्या शिक्षकाचाही नव्हे. विद्या फळ्यावर आणि सृष्टी बांधापलीकडे, अशी जी ताटातूट आपण सर्वांनी मिळून होऊ दिली आहे, तिचे हे फळ आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वन्य जीवांचे रक्षण हे काम वरून आलेल्या हुकुमाने होत नाही, व नुसत्या व्याख्यानानेही होत नाही. गावात राहणारा, शास्त्र जाणणारा आणि स्वतःच्या हातांनी काम करून दाखविणारा एखादा मनुष्य असेल तरच ते होते. असा मनुष्य बहुतेक ठिकाणी आजही हजर आहे. तो म्हणजे आपल्या हायस्कुलातील विज्ञानशिक्षक होय. त्यास शाळेबाहेर काढून बांधावर आणणे हे जमीनधारक शेतकऱ्यांचे काम आहे. कारण बांध आपला आहे, मुले आपली आहेत, आणि नाशिक जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर पुष्कळशा शाळाही आपल्याच आहेत. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ साली स्थापन झाला तो कुणब्यांच्या पोरांना शिकता यावे म्हणून. आणि १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली तीही त्याच हेतूने. ज्या शाळा शेतकऱ्यांच्या पदरमोडीवर उभ्या राहिल्या, त्यांतील विज्ञानाचा शेताशी काही संबंध असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

वन्य जीवांची काळजी हा शहरातील फुरसतीच्या लोकांचा छंद आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. ह्या समजाची केवढी किंमत द्यावी लागली ते गिधाडांच्या उदाहरणावरून पाहावे. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की घटका दोन घटकांत गिधाडे उतरत आणि हाडे तेवढी मागे राहत, हे दृश्य चाळीशी ओलांडलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत हे पक्षी आकाशातून जणू पुसले गेले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात शेकडा ९९ हून अधिक घटली. कारण बरीच वर्षे कोणास उमगेना. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की, गुरांच्या दुखण्यावर व सुजेवर टोचण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात शिल्लक राहते आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होऊन ते थोड्याच दिवसांत मरते. म्हणजे गिधाडांचा संहार शिकाऱ्याने केला नाही. तो गोठ्यातल्या सुईने, कोणाच्याही मनात वाईट नसता, घडून आला.

परिणाम गिधाडांपुरताच राहिला असता तरी दुःखाची गोष्ट होती. परंतु तसे झाले नाही. मढी कुजत पडू लागली, त्यांवर मोकाट कुत्र्यांची पैदास वाढली आणि पाण्याचे साठे दूषित होऊ लागले. २०२४ साली एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन ह्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, त्याप्रमाणे २००० ते २००५ ह्या पाच वर्षांत गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली असावीत. हा अंदाज आहे. पण त्यातील आकड्याच्या निम्मा जरी खरा धरला, तरी गिधाड हा आपला बिनपगारी आरोग्यसेवक होता हे कबूल करावे लागेल.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी ह्या औषधावर बंदी घातली. तथापि माणसांसाठी निघणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली माणसांच्या औषधाची कुपीही तीन मिलिलिटरपेक्षा मोठी असू नये असा निर्बंध आला. पुढे २०२३ साली किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक ह्या औषधांवरही जनावरांपुरती बंदी आली, कारण तीही गिधाडांस घातक ठरली. मेलोक्सिकॅम हे गिधाडांस निर्धोक ठरलेले औषध बाजारात मिळते. आता विचार करा: हे सर्व हुकूम दिल्लीहून निघाले, राजपत्रात छापून आले, आणि आपल्यापैकी किती जणांच्या गोठ्यापर्यंत पोहोचले? कुपीवरील बारीक अक्षर वाचून हे औषध कोणते, ते जनावराच्या अंगात किती काळ राहते आणि त्याचे पुढे काय होते, हे समजावून सांगणारा मनुष्य गावात कोण आहे? पशुवैद्य आहेत, पण त्यांच्याकडे गावे पुष्कळ आणि वेळ थोडा. नववी-दहावीच्या मुलांस औषधाच्या रिकाम्या कुप्या गोळा करावयास लावून त्यांवरील नावांची यादी करून घेणारा विज्ञानशिक्षक हे काम एका महिन्यात करू शकेल. आणि जे मुलाने स्वतःच्या गोठ्यात शोधून काढले ते बाप सहसा विसरत नाही.

नाशिक जिल्ह्यास ह्या बाबतीत परके दाखले शोधण्याची गरज नाही. शहराच्या उत्तरेस बोरगडचा डोंगर आहे. बिश्वरूप राहा व त्यांच्या नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक ह्या संस्थेने पायथ्याच्या गावकऱ्यांस बरोबर घेऊन तेथील जंगल राखण्याचा उद्योग अनेक वर्षे चालविला, आणि २००८ साली तो डोंगर संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. नाशिकचेच मोहम्मद दिलावर यांनी घरचिमणीसारख्या कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या पाखरासाठी लाकडी घरटी करून ती लोकांच्या भिंतींवर लावण्याचा सपाटा चालविला. २००८ साली अमेरिकेतील टाइम साप्ताहिकाने त्यांची पर्यावरणाच्या क्षेत्रातील कर्त्या माणसांत गणना केली, आणि २०१० पासून २० मार्च हा दिवस चिमण्यांचा म्हणून पाळला जाऊ लागला तो त्यांच्याच खटपटीने. हरसूलकडील खोरीपाडा येथे मेलेली जनावरे ठरावीक जागी टाकून गिधाडांस अन्न मिळेल अशी व्यवस्था झाली, तीत आदिवासी ग्रामस्थांचा हात आहे. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ पाटाच्या पाण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्याच्या गाळात पाखरांचे जे राज्य वसले, ते नांदूरमध्यमेश्वर १९८६ साली अभयारण्य झाले व २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत महाराष्ट्रातील पहिले पाणथळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. ज्या पाण्यावर आपला ऊस उभा राहिला, त्याच पाण्यावर चक्रवाक आणि क्रौंच उतरतात, ही गोष्ट अभिमान वाटण्याजोगी आहे.

ह्या सर्व उदाहरणांत एक धागा समान आहे. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी मनुष्य त्याच जागी वर्षानुवर्षे टिकून राहिला, लोकांशी बोलला, आणि प्रथम स्वतः हात घातला. जेथे असा मनुष्य नव्हता व केवळ कागद होता, तेथे काय झाले त्याचाही दाखला आपल्याच राज्यात आहे. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र धरले ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदे अशा तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या वहिवाटीच्या जमिनी, वस्त्या, किंबहुना गावेच्या गावे आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीस व इतर व्यवहारांस अडचणी उत्पन्न झाल्या; पक्ष्याचे नाव काढताच लोकांच्या कपाळास आठ्या पडू लागल्या. प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन अखेर क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. मधल्या काळात कालवे आले, माळराने नांगरली गेली, विजेच्या तारा आल्या. आणि आज त्या माळावर माळढोक दृष्टीस पडणे हीच नवलाची गोष्ट झाली आहे. म्हणजे शेतकऱ्याचा व्यवहारही अडला आणि पाखरूही राहिले नाही. तेथे कोणी झटले नाही असे आम्ही म्हणत नाही. नान्नजच्या माळावर जीव ओतून काम करणारी माणसे होती. परंतु साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या मानाने ती मूठभर होती, आणि गावोगावी त्यांचे काम पुढे नेणारा कोणी नव्हता.

येथे एक गोष्ट जमीनधारकांनी लक्षात ठेवावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात २००२ साली दुरुस्ती होऊन ‘संवर्धन राखीव’ आणि ‘समुदाय राखीव’ असे दोन नवे प्रकार आले. पहिला सरकारी मालकीच्या जमिनीवरच होतो व त्याच्या सल्लागार समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. दुसरा खाजगी अथवा सामाईक जमिनीवर होतो, पण मालक आपण होऊन पुढे आले तरच. बोरगड, आणि येवला तालुक्यातील काळविटांसाठी २०१४ साली झालेले ममदापूर, हे पहिल्या प्रकारातील आहेत. सबब संरक्षण म्हटले की जमीन गेली, ही धास्ती आता सरसकट बाळगण्याचे कारण नाही. पण हा भेद शेतकऱ्यास समजावून सांगणाराही कोणी गावातलाच पाहिजे.

शिक्षकाच्या हातून काय होऊ शकते ह्याचे एक उत्तम उदाहरण जपानमधील सादो बेटाचे आहे. ते भाताच्या शेतीचे बेट असल्याने आपल्या वाचकांस ते सहज कळेल. तेथे तोकी नावाचा एक गुलाबीसर पांढरा, आपल्याकडील शराटी पक्ष्याच्या कुळातील पक्षी राहत असे. भाताच्या खाचरात उतरून तो लावणी तुडवितो म्हणून शेतकरी त्याचा राग करीत, पिसांसाठी त्याची शिकार होई, आणि पुढे शेतात विषारी औषधे आल्यावर त्याचे खाद्यच आटले. सातो हारुओ नावाच्या तेथील एका हायस्कूल शिक्षकाने दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या पक्ष्याचा ध्यास घेतला. त्याने पक्ष्यामागे डोंगर पालथे घातले, त्याची पडलेली पिसे आणि विष्ठाही गोळा करून तो काय खातो ह्याचा तपास केला, आणि स्थानिक लोकांचे रक्षकमंडळ उभे करण्यात पुढाकार घेतला. तरीही पक्षी घटतच गेला. १९८१ साली उरलेले पाच पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवावे लागले, आणि २००३ साली जपानी वंशाचा शेवटचा तोकी मेला. एवढ्यावर कोणीही म्हटले असते की, त्या मास्तराची खटपट पाण्यात गेली.

परंतु तसे झाले नाही. १९८१ सालीच चीनच्या शान्शी प्रांतात सात पक्षी जिवंत सापडले होते. त्यांच्या वंशातील एक जोडी चीनने १९९९ साली जपानला दिली. तिची वीण वाढवून २००८ च्या सप्टेंबरात सादो बेटावर दहा पक्षी मोकळे सोडण्यात आले. मोकळे सोडलेल्या पाखरास खावयास काही पाहिजे, आणि ते शेतकऱ्याच्या खाचरातच मिळावयाचे. तेथील शेतकऱ्यांनी काय केले? रासायनिक खते व औषधे निम्म्यावर आणली, हिवाळ्यात खाचरांत पाणी राखले, बांधालगत चर खणून बेडूक-मासे तगतील अशी सोय केली, आणि वर्षातून दोनदा स्वतःच्या शेतातील जीवांची गणना स्वतः करण्याचे पत्करले. ह्या अटी पाळून पिकविलेल्या तांदळास तोकीच्या नावाने वेगळी मोहोर मिळाली व तो चढ्या भावाने विकू लागला. आज बेटावर मोकळे फिरणारे तोकी पाचशेच्या आसपास आहेत. पाखरास शत्रू मानणारा शेतकरी त्याच पाखराच्या नावाने तांदूळ विकू लागला, हा पालट हुकुमाने झाला नाही. त्या बेटावर अगोदर पन्नास वर्षे कोणी तरी मुलांस व गावकऱ्यांस त्या पक्ष्याची ओळख करून देत राहिला होता, म्हणून पुढची पेरणी रुजली.

आता आपल्या बांधाकडे वळू. हातांनी काम करणे म्हणजे वन्य प्राण्यास हात लावणे, असा मात्र कोणी अर्थ घेऊ नये. साप पकडून वर्गात आणणे, घुबडाचे पिलू घरी पाळणे, ह्या गोष्टी धोक्याच्या तर आहेतच, पण १९७२ च्या कायद्याने गुन्हाही आहेत. शिक्षकाने व मुलांनी हात लावावयाचा तो करवतीस, फळीस, कुदळीस आणि वहीस. प्राणी आपले काम आपण करतात. त्यांच्या वाटेतील अडथळा काढणे एवढेच माणसाचे काम आहे.

पहिले उदाहरण बिबट्याचे घेऊ. गोदाकाठच्या उसात बिबट्या राहतो, तेथेच मादी विते, आणि तोडणी सुरू झाली की सरीत डोळे न उघडलेले बछडे सापडतात. अशा वेळी चारचौघांत कोणी तरी पिलू उचलतो, छायाचित्रे निघतात, आणि रात्री पिलांच्या शोधात फिरणारी मादी वस्तीवर येते. वनखात्याचा अनुभव असा की, पिले त्याच जागी सुरक्षित ठेवून माणसे दूर झाली की बहुधा त्याच रात्री आई येऊन त्यांस घेऊन जाते. पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपाय किती घातक ठरू शकतो हे जुन्नर भागात दिसून आले आहे. २००१ पासून तेथे शेतांतले बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता सरासरीने चौपटीहून अधिक झाले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. ज्या घरात बिबट्याने माणूस नेला आहे, त्यास हा हिशेब सांगणे कठीण आहे हे आम्ही जाणतो. माणसावर चटावलेला बिबट्या पकडलाच पाहिजे, ह्यात वाद नाही. पण तोडणीच्या आधी मजुरांच्या टोळीस चार शब्द सांगणे, गोठ्यास जाळी बसविणे, रात्री दारी दिवा ठेवणे आणि लहान मुलास तिन्हीसांजेनंतर उसाकडेने एकटे न सोडणे, ह्यांचा पाठ शाळेतून गेला तर हल्ला होण्याआधीच पुष्कळ काम होईल.

दुसरे उदाहरण विहिरीचे. बिनकठड्याच्या विहिरीत बिबट्या, कोल्हा, रानमांजर पडतात. आणि माणसेही पडतात. शिवारातील सर्व विहिरींची यादी करून कठडा कोणत्या विहिरीस आहे व कोणत्या नाही, एवढे जरी मुलांनी एका नकाशावर मांडले, तरी गावसभेपुढे ठेवण्याजोगा कागद तयार होतो.

तिसरे सापांचे. भारतात सर्पदंशाने वर्षाकाठी सुमारे ५८,००० माणसे मरतात, असा अंदाज २००० ते २०१९ ह्या काळाच्या अभ्यासातून निघाला आहे. आणि मरणारा बहुधा शेतात राबणाराच असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ही चार नावे, त्यांची चित्रे, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता, जखम न कापता, आवळपट्टी न बांधता थेट प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयात नेणे, हे प्रत्येक नववीच्या मुलास पाठ पाहिजे. त्याबरोबरच धामण ही उंदरांची वैरीण असून बिनविषारी आहे, ही ओळख पटली म्हणजे भीतीपोटी होणारी हत्या आपोआप घटेल.

चौथे पाखरांचे, आणि येथे नफ्याचा हिशेब उघड आहे. हरभऱ्यावर घाटेअळी पडली की आपण पंप पाठीस लावतो. कृषी विद्यापीठे मात्र फवारणीच्या जोडीने एकरी वीसेक पक्षीथांबे उभारण्याची शिफारस करीत आली आहेत. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधून केलेल्या ह्या थांब्यावर कोतवाल, साळुंकी बसतात आणि अळ्या वेचतात. शाळेतील मुलांनी एका वाफ्यात थांबे लावावे, शेजारच्या वाफ्यात लावू नयेत, आणि दर आठवड्यास दहा झाडांवरील अळ्या मोजून लिहाव्या. विज्ञानाचा ह्याहून चांगला प्रयोग कोणत्या प्रयोगशाळेत होणार? गव्हाणी घुबड रात्री उंदीर मारते. दिवाळीच्या सुमारास त्याच घुबडाचा जादूटोण्यापायी बळी जातो. त्याच्यासाठी जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा झाडावर लाकडी खोके बसविणे मुलांस सहज जमते. आणि कांद्याचे उळे घरी धरणाऱ्याने डोंगळे फुलले असता सकाळी औषध मारले तर मधमाशी मरते व बी भरत नाही, ही गोष्ट मुलाने फुलावरील माश्या मोजून बापास दाखविली तर ती तो अधिक मानील.

ह्यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, दहावीच्या गुणांचे काय? आम्ही म्हणतो, पंधरा दिवसांतून अर्धा दिवस शिवारात गेल्याने गुण बुडत नाहीत. उलट जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिताना लेखणी अडत नाही. कोणी म्हणेल, शिक्षकास आधीच निवडणूक, जनगणना आणि नाना तऱ्हेचे तक्ते यांनी पिचून टाकले आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यासाठीच हे काम त्याच्यावर आणखी एक हुकूम म्हणून लादू नये. ज्यास आवड आहे त्यास शोधून, त्याचे दुसरे ओझे हलके करून द्यावे. एखादा म्हणेल, रानडुकरे मका उलथून टाकतात, काळविटे हरभरा खातात, मोर भुईमूग उकरतात, त्यांचे रक्षण आम्ही का करावे? ही तक्रार रास्त आहे व ती दडपून चालणार नाही. नुकसानभरपाईचा नियम आहे, परंतु मुदतीत अर्ज न गेल्याने, मोजमाप नीट न झाल्याने किंवा पंचनामा लांबल्याने शेतकऱ्याच्या पदरात थोडेच पडते. येथेही शाळेतील मुलगा उपयोगी पडेल. नुकसान झालेल्या पिकाचे माप घेणे, छायाचित्र काढणे, पावलांचे ठसे ओळखणे आणि तारीखवार नोंद ठेवणे, हे विज्ञानाचेच शिक्षण आहे. पाच वर्षांची अशी वही ज्या गावापाशी असेल, त्या गावाचे गाऱ्हाणे सरकारास सहजासहजी परतविता येणार नाही.

सबब आमची सूचना अशी. आपल्या संघाच्या प्रत्येक शाखेने येत्या मृगापूर्वी आपल्या गावच्या किंवा जवळच्या हायस्कुलाच्या चालकांस भेटून, आवड असलेल्या एका विज्ञानशिक्षकास पंधरवड्यातून अर्धा दिवस ह्या कामासाठी मोकळा करून मागावा. शाखेतील एका सभासदाने दहा गुंठे जमीन व तिचा बांध मुलांच्या प्रयोगांसाठी एका वर्षापुरता खुला करून द्यावा. मालकी, पीक व उत्पन्न त्याचेच राहील. फळ्या, खिळे, वह्या आणि जाण्यायेण्याचा खर्च शाखेने उचलावा. एका फवारणीच्या औषधाहून तो फारसा अधिक होणार नाही. तालुक्याच्या वनक्षेत्रपालास व पशुवैद्यास वर्षातून दोनदा बोलावून मुलांची वही त्यांच्यापुढे ठेवावी. इंदिरानगरसारख्या शहरी भागात ज्यांची मुले शिकतात, त्या पालकांनीही तेथील शाळेस आपले शिवार दाखविण्याचे आमंत्रण द्यावे. निफाडचा बांध तेथून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतका जवळ आहे.

एक गोष्ट शेवटी सांगणे भाग आहे. असा शिक्षक कधी तरी आपणासच अप्रिय बोलेल. तो आपल्या गोठ्यातील कुपी उचलून हे औषध का वापरले असे विचारील. बांधावरची बाभूळ का तोडली म्हणून विचारील. फुलावर औषध मारताना हटकील. त्या दिवशी त्याची बदली मागणारा अर्ज आपल्यापैकीच कोणी लिहावयास बसेल. त्या वेळी शाखेच्या सभासदांनी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. कारण गोड बोलणारे सल्लागार दुकानोदुकानी मिळतात, खरे बोलणारा एखादाच असतो. दहा गुंठे जमीन देण्यापेक्षा हे देणे अवघड आहे. परंतु ते दिले नाही तर बाकीचे सर्व व्यर्थ जाईल, हे वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे.